‘प’पासून पुढचे शब्द

४ सप्टेंबर, सोमवार
सगळं गेलं!

सकाळी दुकान उघडून मशीन सुरू केलं तर प्रत्येक फोल्डरच्या कोपऱ्यात एक छोटासा बाण. क्लिक केलं की काळी खिडकी उघडते आणि लगेच मिटते. लग्नपत्रिका, शपथपत्रं, शाळांचे पेपर, कशाच्याच आत काही नाही. गुरुजींच्या फोल्डरवरही बाण!

अण्णाराव गुरुजींचा शब्दकोश. चार वर्षं रोज चार वाजता काठी टेकत येतात, तासभर सांगतात, मी टाइप करते. काचबिंदूनं डोळे गेलेत, पण शब्द सगळे डोक्यात. निलंग्याच्या चहूबाजूंनी बोलतात ते — शेतातले, चुलीपुढचे, कानडीकडून आलेले, उर्दूकडून आलेले. ‘अ’पासून ‘म’पर्यंत आलो होतो. कागदावर एक ओळ नाही. प्रिंट काढू म्हटलं की म्हणायचे, “पुरं होऊ दे, मंजे. अर्ध्या भाकरीला कोण ताट वाढतंय?”

घाबरले. व्हायरस आणखी पसरेल म्हणून सरळ मशीन फॉरमॅट केलं. शेजारच्या मोबाइलवाल्याकडून सीडी आणून जुनीच विंडोज पुन्हा टाकली. मग आठवलं — बॅकअप! तो पेनड्राइव्ह मशीनच्या मागं कायम लावलेला, हरवू नये म्हणून. त्यातही बाणच बाण. तोही फॉरमॅट केला. शहाणी मी!

चार वाजता गुरुजी आले. मी म्हणाले, लाइट नाही. डोक्यावर पंखा गरगर फिरत होता.

५ सप्टेंबर, मंगळवार
आज शिक्षक दिन. मला चौथीत शिकवलेल्या गुरुजींना नारळ दिला, पाया पडले, आणि खोटं बोलले.

त्यांची सवय — बसले की आधी म्हणणार, “कालचं वाच.” काल तर काही झालंच नव्हतं, म्हणून परवाचं वाचायचं. समोर कोरी स्क्रीन. मी आठवून आठवून म्हटलं, “मुचकं : मळणीच्या वेळी बैलानं धान्य खाऊ नये म्हणून त्याच्या तोंडाला बांधायची जाळी.” त्यांनी मान हलवली. पुढं तासभर सांगितलं ते टाइप केलं.

६ सप्टेंबर, बुधवार
लातूरहून मल्लिनाथ आला. दुकानाची मशीनं तोच बघतो. स्टूल ओढून बसला, दोन मिनिटं काहीबाही टाइप केलं आणि माझ्याकडं असा बघायला लागला की मीच चोर.

“ह्ये व्हायरस न्हाई म्याडम, वर्म हाय. ह्याला कुणी हात धरून न्यावं लागत न्हाई. पेनड्राइव्ह लावला की सोताच चालत जातो.”

मग विचारलं, अपडेट कधीपासून बंद? मी म्हटलं, सात वर्षं. का? तर आमचं मराठी टायपिंग या जुन्या विंडोजवरच चालतं. नव्यावर टाकलं की ‘क्ष’च्या जागी चौकोन येतात. मी टाइपरायटरवर शिकलेली बाई, बोटांना दुसरा कीबोर्ड ठाऊक नाही. कंपनीनं या विंडोजकडं बघणं कधीच सोडलंय म्हणे. म्हणजे दाराला कडी नाही, आणि मी आत निवांत बसून टाइप करतेय!

शेवटी हळूच म्हणाला, “फॉरमॅट कामून मारलं? फायली तिथंच होत्या की. त्यानं लपवल्या होत्या फक्त. धा मिन्टाचं काम होतं.”

दहा मिनिटांचं काम होतं.

७ सप्टेंबर, गुरुवार
मल्लिनाथ जुनी डिस्क आणि पेनड्राइव्ह, दोन्ही लातूरला घेऊन गेला. पुसलेलं काढायचं सॉफ्टवेअर असतं म्हणे. पण पुसल्यावर त्यावर मी विंडोज टाकली, म्हणजे सारवलेल्या भिंतीवर पुन्हा सारवलं. “जेवढं निघंल तेवढं. आशा लावून बसू नका,” म्हणाला.

तात्पुरतं जुनंच दुसरं मशीन लावून दिलंय. आशा लावून नको बसू तर काय करू?

८ सप्टेंबर, शुक्रवार
आज गुरुजींनी ‘म’ सोडून एकदम ‘क’चा शब्द दिला. कासरा — बैलाच्या वेसणीला बांधून हातात धरायची दोरी. पहिल्याच वर्षी झाला होता हा! तरी टाइप केला.

घरी येताना सुचलं — त्यांना कळलंय. पंख्याचा वारा लागला असणारच त्या दिवशी. मला शरमिंदं करायचं नाही, म्हणून आपणहून पुन्हा द्यायला लागलेत. केवढा मोठा माणूस! आणि मी?

१२ सप्टेंबर, मंगळवार
पुन्हा कासरा. तोच अर्थ, त्याच शब्दांत, आणि त्यांच्या बापाचा कासरा नांगरताना तुटला होता ती गोष्टही तीच. आता मात्र वाटलं, चिमटा काढतायत. ‘बोल की मंजे, कबूल कर’ असं. तोंडापर्यंत आलं होतं. नेमकं तेवढ्यात आधार कार्डाच्या झेरॉक्सला गिऱ्हाईक आलं, आणि मला बरं वाटलं! माझीच लाज वाटली.

१४ सप्टेंबर, गुरुवार
पोळा. दुकान अर्धा दिवस. माझ्या वाटची पुरणपोळी बैलालाच घातली.

१५ सप्टेंबर, शुक्रवार
कॉलेजातले क्लार्क दयानंद दारातूनच ओरडत आले, “म्याडम, तुमच्या पेनड्राइव्हनं आमची तीन मशीनं खाल्ली!”

दुकानाचा आणखी एक पेनड्राइव्ह लाल दोऱ्यानं खिळ्याला टांगलेला असतो. ज्याच्याकडं नाही त्यानं न्यावा, फाइल द्यावी, आणून पुन्हा टांगावा. दहा वर्षांची पद्धत. कॉलेज, सोसायटी, वकील, सगळ्यांकडं फिरून येतो. लोक म्हणायचे, मंजुश्रीताईंची काय सोय आहे! वर्म त्या दोऱ्याला धरूनच गावभर हिंडला असणार.

मी काय म्हटलं? “आमच्याकडून नाही गेलं. आमचं मशीन एकदम स्वच्छ आहे.” फॉरमॅट मारल्यावर स्वच्छ नसून काय होतंय! दयानंद गेले तसा दोरा तोडून पेनड्राइव्ह ड्रॉवरमध्ये टाकला.

गुरुजी आज आमच्या दुकानाऐवजी शेजारच्या सोनाराकडं शिरले. त्यांच्या पत्नी पार्वतम्मांनी मागून येऊन आणलं. आता त्याच रोज सोडायला येतात. “पाय दुखतोय त्यांचा,” म्हणाल्या. बिचारे! तशा पायानं येतात आणि मी कोरी स्क्रीन वाचून दाखवते.

१७ सप्टेंबर, रविवार
झेंडावंदन. मुक्तिसंग्रामावरची सहा भाषणं टाइप करून दिली होती मी, त्यातली चार आज ऐकली. एकाही शब्दाकडं लक्ष नव्हतं. पुढच्या रांगेत गुरुजी पांढऱ्या टोपीत ताठ बसले होते. कुणी त्यांच्या कानात सांगितलं तर?

१८ सप्टेंबर, सोमवार
मल्लिनाथचा फोन. अजून काढायलोय, म्हणाला. आणि म्हणाला, “म्याडम, ज्याला ज्याला पेनड्राइव्ह दिला त्याला सांगा. न्हाईतर तुमी मशीन धुवून काढाल आन् त्यो पुन्हा गावातून फिरून येईल.”

दुपारी दारावर कागद लावला : ‘आमच्या दुकानातून संगणकाची लागण बाहेर गेली आहे. आमच्या पेनड्राइव्हमधून फाइल घेतली असेल तर घाबरून काही पुसू नका, फाइल आतच आहे. मशीन बंद ठेवा, आम्हाला बोलवा.’ खाली सही. ‘आमच्या’ लिहिताना हात अडला, पण लिहिलं.

वाटलं होतं, दुकान बसलं आता. दयानंद आले, वाचलं, चष्मा काढून पुसला. म्हणाले, “आधी सांगितलं असतं तर शिव्या जरा कमी दिल्या असत्या.” संध्याकाळपर्यंत नऊ जण येऊन गेले. एक वकील बोलायचं ते सगळं बोलला. बाकीच्यांना मल्लिनाथचा नंबर दिला.

एवढ्या गावाला सांगितलं. ज्याला सांगायचं, त्याला नाही. गुरुजींना कागद वाचता येत नाही.

२१ सप्टेंबर, गुरुवार
सांगितलं!

दुकानात धीर होईना म्हणून त्यांच्या घरी गेले. गुरुजी पलंगावर बसले होते, पार्वतम्मा ज्वारी निवडत होत्या. मी उभ्या उभ्याच घडाघडा बोलून टाकलं — वर्म, बाण, फॉरमॅट, पंखा, कोरी स्क्रीन, सगळं. शेवटी रडले.

गुरुजी “हाव? गेलं?” म्हणाले. “जाऊ दे. पुन्हा करू. तू कशाला रडायलीस?”

एवढंच! चार वर्षं गेली, आणि वर मलाच पाणी द्यायला सांगितलं. पार्वतम्मांनी तांब्या दिला. त्या मात्र माझ्या नजरेला नजर देईनात. रागावल्यात. असू दे, त्यांचा हक्क आहे.

परत येताना पाय जमिनीवर नव्हते. अशी माणसं आता होत नाहीत.

२३ सप्टेंबर, शनिवार
मल्लिनाथचा फोन!! ‘अ’ ते ‘न’ निघालं! सगळंच्या सगळं, जसंच्या तसं! ‘प’ ते ‘म’ मात्र गेलं ते गेलंच; पेनड्राइव्हमध्ये ते घेतलंच नव्हतं, आणि डिस्कवर त्याच जागेवर मी विंडोज टाकली होती. मी फोनवर त्याला देवमाणूस म्हटलं तर लाजून म्हणाला, “देव राहू द्या, बॅकअप घ्या.”

सव्वातीनशे शब्द पुन्हा करायचे. काय मोठं आहे! लिहून घेणारी मी, सांगणारे गुरुजी. रोज दहा केले तरी दिवाळीआत पुरे.

२५ सप्टेंबर, सोमवार
मल्लिनाथनं नवं मशीन लावून दिलं. नवी विंडोज, अपडेट चालू, पासवर्ड माझा मला. पेनड्राइव्ह लावला की आपोआप काही उघडत नाही, आधी तपासणी. बॅकअप दोन, आणि दोन्ही मशीनपासून लांब — एक घरी कपाटात, एक पार्वतम्मांकडं. जुनी अक्षरं नव्या अक्षरांत बदलून घेतली. टायपिंगला बोटं सारखी अडखळतात. अडखळू देत.

चार वाजता ‘अ’पासून वाचायला घेतलं. गुरुजी डोळे मिटून ऐकत होते. ‘अडकित्ता’ आला तेव्हा हसले. किती दिवसांनी!

२६ सप्टेंबर, मंगळवार
“आता ‘प’ घ्या गुरुजी.” मी बोटं कीबोर्डवर ठेवून बसले. गुरुजी गप्प. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मग म्हणाले, “कासरा.”

मी हसले. ते हसले नाहीत.

२७ सप्टेंबर, बुधवार
आजही ‘प’चा एक शब्द नाही. काठीच्या मुठीवरून नुसता अंगठा फिरवत होते. मनात राग धरलाय का? परवा ‘जाऊ दे’ म्हणाले ते वरवरचं होतं का? तसं असेल तर बरोबरच आहे त्यांचं. पण मला शिव्या द्याव्यात, मुकं राहू नये.

पार्वतम्मा न्यायला आल्या तेव्हा विचारलं, गुरुजी रागावलेत का माझ्यावर? त्यांनी पदर तोंडाला लावला. “राग असता तर बरं होतं, बाई,” म्हणाल्या आणि त्यांचा हात धरून निघून गेल्या. काय म्हणायचं होतं त्यांना?

२९ सप्टेंबर, शुक्रवार
आज मीच सुरुवात करून दिली. “गुरुजी, पेव. जमिनीत खड्डा करून त्यात ज्वारी साठवायचे ते.” गुरुजींनी तोंड माझ्याकडं वळवलं, “अस्सं?” म्हणाले, आणि पुढं वाकून बसले. चौथीत पहिल्या बाकावरची पोरं बसायची तसे. मी आणखी एक सांगितला. मग आणखी एक. मला सगळे येतात. मला माहीतच नव्हतं.

३० सप्टेंबर, शनिवार
पाचुंदा, पांद, फुफाटा, बळद, बुचाड, मातेरं. आज एकोणीस शब्द झाले. सगळे मीच सांगितले, मीच टाइप केले. गुरुजी मन लावून ऐकत होते. पाच वाजले तसे काठी चाचपत उठले आणि हात जोडून म्हणाले, “लई चांगले शब्द हायत, बाई. तुमाला कोण शिकवलं?”