मारिटचं आणखी एक वर्ष

१ फेब्रुवारी
नोव्हेंबरात बास्केटबॉलच्या दुसऱ्याच सामन्यात आमच्या मारिटचा गुडघा गेला. कॉलेजकडून ठरावीक वर्षंच खेळता येतं; त्यात हे वर्ष धरू नका, पुढच्या हिवाळ्यात आणखी एक वर्ष खेळू द्या, असा कॉलेजने स्पर्धा मंडळाकडे अर्ज केलाय. पोरगी चोवीस वर्षांची! संघातल्या मुली तिला आजीबाई म्हणतात. ती म्हणते, "म्हणा गं, पण बॉल द्या!"

४ फेब्रुवारी
शनिवारी शेवटच्या वर्षाच्या मुलींचा निरोप. आईबापांनी लेकीचा हात धरून बास्केटबॉलच्या मैदानात मधोमध चालत जायचं. गेल्या वर्षी मारिटचा झाला, तेव्हा बर्फाचं वादळ. मी कामावर, बर्फ सारायची नांगरगाडी घेऊन रस्ते मोकळे करत होतो. एकटी तिची आई, लोईस, चालली तिच्याबरोबर. मग एक वर्ष वाढवून मिळालं, तेव्हा तिच्यापेक्षा मीच जास्त नाचलो! माझं चालणं राहिलं होतं ना.

यंदा कोच म्हणाल्या, "हॉकन, एकीला किती वेळा निरोप द्यायचा? अर्जाचा निकाल लागू दे." म्हणजे वर्ष मिळालं तर यंदा निरोप नाही.

आणि पुढच्या हिवाळ्याचं डॉक्टरीणबाई काही बोलत नाहीत. "पानगळीपर्यंत ठीक," एवढंच. माझ्या पोटातली गाठ वाढलीय. फक्त लोईसला माहीत आहे. मारिटला सांगितलं तर ती खेळ सोडून घरी येऊन बसेल.

५ फेब्रुवारी
आज चर्चमध्ये देवाकडे भलतंच मागून बसलो — अर्ज फेटाळला जाऊ दे! बापाने असं मागावं? पाच मिनिटांनी परत गेलो. म्हटलं, मघाचं विसर. तिला खेळू दे.

६ फेब्रुवारी
वर्ष मिळालं! फोनवर ती रडत होती. मी म्हटलं, "आजीबाई, आता काठी घेऊन खेळ." फोन ठेवला आणि गॅरेजमध्ये जाऊन बसलो. लोईस आली, शेजारी उलट्या बादलीवर बसली. बरं वाटलं.

८ फेब्रुवारी, शनिवार
सामना बघायला गेलो तर माइकवर माझंच नाव! मारिट समोर उभी, गुडघ्याला पट्टा, हात पुढे केलेला. मी म्हटलं, "अगं, तुझं वर्ष आहे ना अजून?"

"माझं आहे, डॅड. कोट केवढा सैल झालाय तुला, मला दिसत नाही का? चल."