चारशे बारा मशिनांचा पत्ता

४ जून

चि. ठोंब्यास ताईचे अनेक उ. आ.

साठीला टेकलास तरी मी ठोंब्याच म्हणणार. माझे कान आता पार गेलेत, तेव्हा फोन करू नकोस, पत्रच लिही.

तुझ्या दाजींची वेबसाइट परवापासून उघडत नाही. समोरच्या शिंपीणबाईंनी दाखवलं, तिथे भलतीच जाहिरात येते. अरे, आयुष्यभरात चारशे बारा शिलाई मशिनं दुरुस्त केली, कुठलं कशाने अडलं आणि कसं सुटलं, ते सगळं त्यांनी तिथेच लिहिलंय. वहीत एक अक्षर नाही. दुकान मी चालवते ते त्याच्याच जिवावर. ते गेलं तर माझ्याकडे त्यांचं काय उरलं? चष्मा आणि तेलाची बुधली.

पैसे मी बुडवलेले नाहीत हो. होस्टिंगचा मेसेज दुकानाच्या मोबाइलवर आला की त्याच दिवशी भरते. म्हणजे कंपनीच चोर. वेबसाइट तू बांधून दिलीस, तूच त्यांना चांगलं झाप.

माया आहे तेवढी राहू दे, वाढली तर हरकत नाही.

तुझी ताई

८ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

कंपनी चोर नाही, आपण दोघं गाफील. नीट वाच. वेबसाइटचे खर्च दोन. दाजींचं लिखाण ज्या कॉम्प्युटरवर ठेवलंय त्या जागेचं भाडं म्हणजे होस्टिंग. ते तू भरतेस. पण ज्या नावाने लोक तिथवर पोचतात ते नाव, म्हणजे डोमेन, कायमचं विकत मिळत नाही. ठरावीक वर्षांसाठी आपल्या नावे नोंदवायचं, मुदत संपली की पुन्हा फी. ती वेगळी, आणि आपल्या बाबतीत घेणारी कंपनीही वेगळी. दुकान शाबूत आहे, पाटी तेवढी उतरवलीय. लिखाण कुठेही गेलेलं नाही, धीर धर.

दुसरं नाव घेऊ म्हणशील, तर दाजींनी हाताखालून गेलेल्या प्रत्येक मशिनाच्या बुडाशी हाच पत्ता कोरलाय. सत्तावीस तारखेपर्यंत नाव नेहमीच्या फीत परत मिळेल. पुढे जबर दंड, आणि तोही चुकला तर कुणीही उचलेल.

मागच्या खेपेला दाजींनी पाच वर्षांची नोंदणी स्वतःच्या ईमेलने केली होती. सूचना तिथेच पडल्या असणार, आणि नावाच्या कंपनीच्या खात्यात शिरायचा आकडाही तिथेच येतो. तेव्हा त्यांचं ईमेल तुला उघडावं लागेल. ती तारीख मी टिपून ठेवायला हवी होती. चुकलो, ताई.

रागावलीस तरी लोभ तोडू नकोस.

तुझा ठोंब्या

१३ जून

चि. ठोंब्यास आ.

मला जमायचं नाही. बाबा टपालखात्यात होते. शेजाऱ्यांचं पाकीट फोडलंस म्हणून तुला दिवसभर उपाशी ठेवलं होतं, विसरलास? चौतीस वर्षांत तुझ्या दाजींनी माझं एक पत्र उघडलं नाही, तुझी ही रटाळ पत्रंसुद्धा. पासवर्ड त्यांच्या मशिनाच्या झाकणाआत लिहिलाय. दोन वर्षं रोज दिसतो, हात लावला नाही. माणूस गेला म्हणून त्याचं पाकीट माझं होतं का रे?

दुसरी वाट शोध. प्रेम आहेच.

ताई

१७ जून

ती. ताईस सा. न.

दुसरी वाट म्हणजे दाखले, अर्ज, आणि निदान महिनाभर. आपल्याकडे दहा दिवस.

बाबांचं एक तू विसरलीस. ज्या पत्राचा धनी सापडत नसे, ते बाबा स्वतः उघडायचे. आत कुठे नावगाव मिळतंय का बघायचे आणि पोचतं करायचे. मी एकदा विचारलं तर म्हणाले होते, की फोडणं वेगळं आणि पोचवायला उघडणं वेगळं. दाजींच्या पेटीत कुणाकुणाची पत्रं अडकली असतील, बघ.

हात जोडतो. जीव आहे तो असाच असू दे.

ठोंब्या

२२ जून

चि. ठोंब्यास ताईचे भरभरून आशीर्वाद.

काल दुपारी शटर अर्धं ओढलं, हात धुतले आणि उघडलं. नावाच्या कंपनीच्या नऊ सूचना, आणि सव्वीस गिऱ्हाइकं! एकीचं मशीन सहा महिने बंद आहे, बिचारी अजून वाट बघतेय. तिला कालच उत्तर धाडलं. खासगी म्हणशील तर काहीच नाही. उगीच जीव मुठीत धरून बसले होते.

आकडा आला, फी भरली. किती वर्षांसाठी असं विचारलं, मी दहा सांगितली. तेव्हा मी ऐंशीची असेन, हसू नकोस. आज सकाळी वेबसाइट उघडली. वर पहिलंच वाक्य त्यांचं, आधी तेल घाला, मग शिव्या. खूप रडले, लपवत नाही.

आणखी एक. न पाठवलेल्यांत एक पत्र होतं, त्यांच्या आजारपणातलं, त्याच कंपनीला. लिहिलं होतं की मालकाचं नाव बदलायचं आहे, माझ्यामागे हे सगळं माझी बायको बघेल, तिचं नाव. बस, पुढे कोरं. गिऱ्हाईक आलं असेल, नाहीतर दम लागला असेल.

मी पुढे माझं नाव लिहिलं आणि पाठवून दिलं.

जीव लावतोस तसाच लावत राहा.

तुझी ताई