जिन्यावरची गुणगुण

प्रिय खारुटले,

अक्षर वाकडंतिकडं आहे, चालवून घे. तुझा सिनेमा पाहिला बरं का! पडला म्हणून तू तोंड लपवून बसलीस, आणि इथं कोपऱ्यावरच्या जुन्या थेटरात दर शनिवारी दुपारी तीच तीच पोरं तो बघायला येतात. सोंगं काढून येतात गं! एकानं तर सिनेमातल्या तुझ्या त्या वेड्या घरमालकासारखी डोक्यावर दिव्याची शेड घातलेली. मला मेलीला हसू आवरेना. त्यानंच हात धरून मला खुर्चीत बसवलं, गुणी पोरगा आहे. काय सांगत होते? हां, जिना.

पडद्यावर नुसता रिकामा जिना. भूत नाही, रक्त नाही, मांजरसुद्धा नाही. तरी मी खुर्चीचा हात घट्ट धरला, कारण मागून ती गुणगुण सुरू झाली. लगेच ओळखली मी. तुझी आई इस्त्री करताना गुणगुणायची तीच, मध्ये इस्त्री टेकवल्याचा ठक्क आवाजसुद्धा. ती होती तेव्हा स्वयंपाकघरातून तेवढं ऐकू आलं की वाटायचं, चला, घरात सगळं ठीक आहे. तेच तू रिकाम्या जिन्यावर सोडलंस, तर वाटलं, या घरात आता कुणी परत येणार नाही. कसं केलंस गं हे? सूर तोच, बाई तीच.

त्या जागी सगळी पोरं तिच्याबरोबर गुणगुणतात, त्यांची रीतच पडलीय. मीही गुणगुणले, खोटं कशाला बोलू. घरी येऊन हौसेनं तुझ्या बाबाला सांगितलं. एरवी तुझं नाव काढलं की तो टीव्हीचा आवाज वाढवतो. त्या दिवशी टीव्ही बंद केला.

पुढच्या शनिवारी लिफ्टदुरुस्तीचं काम अर्धवट टाकून तो माझ्याबरोबर आला. पोरं गुणगुणायला लागली तसा उभा राहून ओरडला, गप्प बसा रे, बायको आहे ती माझी! शेडवाल्यानं शेड काढून मांडीवर ठेवली. तेव्हापासून त्या जागी कुणी हूं की चूं करत नाही. तुझा बाबा मात्र एक शनिवार चुकवत नाही. काल जेवताना एवढंच विचारलं, आई, ती पुढं काय गुणगुणायची गं? तुझ्या सिनेमात दार आपटतं आणि गुणगुण मध्येच तुटते ना! मला आठवेना, त्यालाही आठवेना. दोघं ताटापुढं बसून हूं हूं करत होतो, वेड्यासारखे.

असले भुताटकीचे धंदे करायचे तर घरी येऊ नकोस, असं तो तुला म्हणाला होता. म्हणायला नको होतं. पण थेटरवाला येत्या शनिवारनंतर सिनेमा उतरवणार आहे. शेडवाल्यानं मला हळूच सांगितलं, बाबाला अजून माहीत नाही. मग हा माणूस कुठं जाऊन बसेल गं? दार आपटल्यानंतरचं तिचं रेकॉर्डिंग तुझ्याकडं असेल ना? तेवढं घेऊन ये. पाठवू नकोस, घेऊन ये. आणि नसेलच, तर रिकाम्या हातानं ये. इस्त्रीच्या टेबलाखाली तूच बसलेली असायचीस. तुला तरी पुढचं येत असेल.

तुझी वाट बघत सूर शोधणारी,
तुझीच आजी