लांबनं बघायचा माणूस

अहो,

पत्रबित्र लिहायची सवय मला नाही, तुम्हाला ठाऊकच आहे. पण आज दिवेलागणीला जे झालं ते सांगू कुणाला? लेकीच्या कानावर गेलं तर उद्याच मला पुण्याला उचलून नेईल.

तुमच्या नावचं पार्सल आलं. मी परड्यात होते. बाहेर येऊन बघते तर कुरिअरवाला रस्त्याच्या पलीकडं गाडीवर बसून. म्हटलं, हाक मारायला तोंड नाही व्हय? तर म्हणतो, "मालक आत बसल्यात की मावशी. मगापास्नं माझ्याकडंच बघाल्यात, पर उठंनात."

घरात मी एकटी. आणि दारासमोरच्या भिंतीवर तुम्ही.

भिंतीवर कसे आलात ते तुम्ही गेल्यानंतरचं, म्हणून सांगते. जन्मभर लोकांचे फ्लेक्स छापलेत. वाढदिवसाचे, निवडीचे, श्रद्धांजलीचे. गिऱ्हाइकावर डाफरायचात, "मोबाईलवरला बारका फोटो मोठा केला की फाटतोय, नुसतं चौकोन दिसत्यात." आणि घरी काय आणायचात? मुद्दाम चौकोनांत काढलेली चित्रं! रस्त्याकडेच्या भिंती रंगवणाऱ्या त्या पोरांकडनं एकेक प्रिंट घ्यायचात. जगातली नावाजलेली चित्रं म्हणे. मला ती न्हाणीतल्या फरशीसारखी दिसायची. फडकं घेऊन जवळ गेले की मागनं ओढायचात, "जवळनं काय दिसतंय? लांब हो, मग बाई हसतीया बघ."

उंबऱ्यापाशी गेलं की खरंच हसायची ती, गालातल्या गालात. मला ती बाई कधीच आवडली नाही.

एवढे परक्यांचे चेहरे जमवलेत, स्वतःचा एक धड फोटो का हो काढला नाही? तुमच्या श्रद्धांजलीच्या फ्लेक्ससाठी चौकातल्या पोरांना मी दिला तो भाच्याच्या लग्नातला, त्यातही तुमचे डोळे मिटलेले. तो फाटणारच होता. फ्लेक्सजवळ जाऊन बघितलं तर नुसते चौकोन. पोरांना नाही नाही ते बोलले. मग रस्ता ओलांडला, मागं वळले, तर तुम्ही होतात. डोळे उघडे.

फ्लेक्स उतरल्यावर भाऊजींनी शिरोळला नेला आणि गोठ्याला आडोसा म्हणून बांधला, तोंड आतल्या बाजूला. तुमच्या सख्ख्या भावाची अक्कल ही! म्हशीनं पान्हा चोरला. थोड्याच दिवसांत गुंडाळी घेऊन दारात हजर. "वहिनी, दादाला तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या. म्हस चारा खाईना, त्याच्याकडंच बघत उभी ऱ्हातीया."

मग कडेची नावं कापली आणि तुम्हाला तुमच्याच चित्रांच्या मधोमध लावलं.

आता खरं सांगू? मला तुमचा चेहरा आठवेना झालाय. मिशी आठवते, नाक आठवतं, सगळं एका जागी येत नाही. ह्या धास्तीनं झोप लागत नाही मला. आणि आपली खोली केवढीशी! सरकत सरकत पाठ भिंतीला टेकली तरी समोर चौकोनच.

कुरिअरवाला गेल्यावर त्याच्या जागी जाऊन उभी राहिले. दार सताड उघडं, आत दिवा. तुम्ही बसला होतात, माझ्याकडं बघत. तुमच्या बाजूचे सगळेच बघत होते, ती बाईसुद्धा. आज ती हसत नव्हती.

अंगावर काटा आला. तरी हलले नाही. किती दिवसांनी बघितलं हो तुम्हाला! रडायला आलं ते तिथंच, रस्त्यावर.

पार्सल अजून फोडलेलं नाही. त्या भिंती रंगवणाऱ्या पोरांकडनंच आलंय. जाता जाता कुणाला बोलावून ठेवलंत, ते बघायचा धीर नाही.

एवढं मात्र कबूल करते. रोज दिवेलागणीला दार उघडं टाकून पलीकडं येऊन उभी राहीन. गल्ली येडी म्हणू दे. जवळ यायचा हट्ट धरणार नाही. तुम्ही फक्त पुन्हा डोळे मिटू नका.

तुमचीच,
मंगल