उतारावरची पावलं

नेसवोग, फिनमार्क
१४ ऑक्टोबर १९६१

चि. सौ. इंगुन हिस,
अ. उ. आ.

रविवारी चर्चमध्ये तुझ्या बाबांच्या आठवणीसाठी सगळे जमलो. त्यांच्या पथकातले तिघे आले होते. लढाई संपल्यावर बाकीचे सैनिक घरी परतले आणि तोर्लैफ मात्र आम्हा तिघांना घेऊन दोन उन्हाळे जर्मनांनी पेरलेले सुरुंग काढत फिरला, हे धिप्पाड आयनार सांगत होता. म्हणे, सगळ्यांच्या पुढे तोच चालायचा आणि माझ्या पावलांवर पाय ठेवा रे गाढवांनो, म्हणून ओरडायचा. डाव्या पायात तुकडा शिरला तरी थांबला नाही. मी रडले नाही, कॉफी वाढत राहिले.

एक सांगते, हसू नकोस. सोमवारी पहिलं बर्फ पडलं होतं. दारापासून पावलं निघालेली दिसली. उजवं स्वच्छ, डावं फरफटलेलं. जाणारीच होती, येणारी नव्हती.

जिवाला जप. माया आहेच, ती राहू दे.
तुझी,
आई

बर्गेन
२३ ऑक्टोबर

ती. आईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग उठून दिवा मोठा केला. अगं, शेजारचे अस्लाककाकाही गुडघ्यामुळे पाय ओढतच चालतात! तुझ्या कॉफीच्या वासाने घिरट्या घालत असतील म्हातारबुवा.

चेष्टा पुरे. एकटी राहू नकोस, इकडे ये. नाहीतर नाताळला मी सिग्रिदला घेऊन येतेच आहे. आता ती चालते. धक्क्यापासून उताराच्या पायवाटेने तिला चालवतच घरी आणीन. मला तर बाबा तिथे खांद्यावरून उतरूही देत नसत. शेवटपर्यंत झोपेत सुरुंग शोधत अंथरूण चाचपायचे, तूच सांगायचीस.

तुझ्या मायेची भुकेली,
इंगुन

नेसवोग
४ नोव्हेंबर

चि. सौ. इंगुन हिस,
अ. उ. आ.

सिग्रिदला त्या पायवाटेने आणायचं नाही.

या सोमवारी पावलं पुन्हा उमटली, धक्क्याकडे गेली होती. मोठ्या खडकाशी एकदम वाट सोडून त्यांनी उताराला लांबून वळसा घातला होता. मला काय वाटलं कोण जाणे, एकेका ठशात पाय ठेवत गेले. मागून आपली काळतोंडी मेंढी येत होती, ती सरळ वाटेने गेली. आवाज झाला तशी मी पडले. उठून पाहिलं तर मेंढी नव्हती.

लष्कराची माणसं आली. लाकडी पेटीतला सुरुंग, धातू शोधणाऱ्या यंत्राला न कळणारा. दरवर्षीच्या गोठणाऱ्या जमिनीने ढकलत ढकलत वर आणलेला. आणखी दोन निघाले. तो उतार साफ झाल्याची ग्वाही तुझ्या बाबांनीच दिली होती, असं अधिकारी चाचरत म्हणाला. मी म्हटलं, म्हणूनच त्यांना झोप लागत नाही.

आणि अस्लाक. तो महिनाभर इस्पितळात होता, कालच परतला.

लेकीला पापा. मला विसरू नका.
आई

नेसवोग
१५ नोव्हेंबर

चि. सौ. इंगुन हिस,
अ. उ. आ.

तुझी तार मिळाली. आजच्या बोटीने निघणारच होते, ट्रंकही भरली होती. पण सकाळी दार उघडलं तर पावलं कुठेच गेलेली नव्हती. उंबऱ्याशी दोन्ही शेजारी शेजारी उभी, चवडे शाळेच्या मैदानाकडे.

अस्लाकला शाळा बंद करायला पाठवलं आहे. तो कुरकुर न करता गेला. सुरुंगाच्या जागी रोवायच्या बाबांच्या खुणेच्या काठ्या बाहेर काढल्या आहेत. ट्रंक तशीच राहू दे, बोट पुढच्या आठवड्यातही आहे.

रागावू नकोस. लोभ असू दे.
तुझी,
आई

ता. क. बूट घालून दाराशी आले. त्यांचं एक पाऊल पुढे पडलं आहे.