लांडग्यांचे कुत्रे कसे झाले

खालापूर, शेठचं फार्महाऊस

आये, लांबूनच पाया पडतो.

धाकल्या श्रद्धाचा खोकला गेला का गं? मी जेवतो पोटभर, पन किळस येते. पावन्यांनी चिवडलेला भात न् चघळलेली हाडं, तेच आमा गड्यांना वाढतात.

रविवारी एक कॉलेजातले सर जेवताना सांगत होते, "लांडगे मानसांच्या उकिरड्यावर उष्टं खायला यायचे. जे गुरगुरले नाय ते मानसाळले, त्यांचेच कुत्रे झाले." शेठ माज्याकडं बघून हसला, "हा पन मानसाळला!"

रात्री जेवताना ते आठवलं न् तोंडातला घास थुकला मी.

काल तेच उष्टं गरम करून, वर कोथिंबीर टाकून शेठला वाढलं. बोटं चाटून खाल्लं, आनखी मागितलं! आता शेपूट कदी हलवतो ते बघतोय.

त्याला कळलं तर मी आलोच समज. भाकरी ताजी थाप.

तुजाच,
साईराज