गोमाकाकांचा काळा चहा

शहापूर, शनिवार, १२ सप्टेंबर १९९८

आज मला आमच्या सुमनचा, डोळखांबकडच्या नर्सबाईंचा, बाप असल्याचा गर्व झालाय. तो जिरवणारी बायको माहेरी गेलीय, म्हणून इथे लिहितो.

तिच्या पाड्यावरचे गोमाकाका हिवतापाच्या गोळ्यांतली एक गोळी घेतच नव्हते. "बाय, मागल्या टायमाला ती खाल्ली नि लघवी काल्या चहावानी झाली. मी नाय खात." सगळे हसले. मी तर साप्ताहिकातल्या माझ्या सदरात त्या काळ्या चहावर अख्खा लेख पाडला. लोकांनी वाखाणलाही!

गेल्या महिन्यात काकांना पुन्हा ताप. डॉक्टर म्हणाले, समोर बसवून गिळायला लावा. सुमन आडवी आली. "आधी रक्त मुंबईला तपासू. तोवर बाकीच्या गोळ्या देते, ही मी देणार नाही." नोकरी घालवशील, म्हणून ओरडलं कोण? मीच.

आज रिपोर्ट आला. रक्तातली लाल पेशी साखर वापरते, त्यातून स्वतःचा बचाव करते. त्यासाठी लागणारं विकर, म्हणजे एन्झाइम, काकांत जन्मापासून कमी. ती गोळी पोटात गेली की पेशी फुटत जातात, आणि त्यांचा रंग उतरून लघवी काळी. म्हणजे काळा चहा खराच होता. पुन्हा गिळायला लावली असती तर? काका कदाचित आज नसते.

काकांना कळवलं, तर म्हणाले, "मंग मी काय बोलत व्हतो?"

डॉक्टरांनी सुमनची पाठ थोपटली, तर कार्टी म्हणते, "शोध काकांचा. मी फक्त ऐकलं."

हे ऐकणं ती कुठे शिकली? माझ्याकडून तर नक्की नाही.